एकशे ऐंशी दिवस

रात्री पावणेदोनला आचऱ्याचं अख्खं ऑफिस पुसलं गेलं.
मीच पुसलं. एक ओळ चुकली.
बाहेर बंदरावर बर्फाचा ट्रक
टीं टीं करत मागे येत होता.

डिरेक्टरी लगेच विसरत नाही.
पुसलेल्याला ती बाजूला निजवते, वर दगड ठेवून,
एकशे ऐंशी दिवस.
मग झाडू फिरतो.

एकेकाला उठवलं. एकवीस जण.
आकडा तोच, जन्मापासूनचा, लांबलचक.
बाकी अंगावर काही नाही:
फोन नाही, हुद्दा नाही,
कुठल्या ग्रुपात होते तेही नाही.
नुसते उभे,
आपलं दार कुठलं ते न कळून.

सकाळी मंदाताई केळुसकरांना फोन लावला.
मागे लिलावाचा गलका.
लिहून घे, म्हणाल्या.
रेश्मा तांडेल, डिझेलचा कोटा तिच्याकडे.
गिलबर्ट बर्फखान्यात, पण बिलं बघायची त्याला मुभा.
सावळारामला पगारपत्रक उघडून देऊ नको,
गावभर सांगत सुटेल.

एकविसाव्यापाशी थांबल्या नाहीत.
"आणि दत्तारामाचा काय केलंस?"

यादी पुन्हा खालीवर केली.
दत्ताराम खोबरेकर, वजनकाटा.
गेल्या शिमग्यात गेला.
दगडसुद्धा उरला नव्हता.

सापडत नाही, म्हटलं.
"माका ठावक हा," त्या म्हणाल्या.
"शनवारी उशिरा येय.
चष्मो काट्यारच विसरान जाय."

तेही लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात भरायचं,
ते अजून ठरलेलं नाही.