शेवटचा नग

वर्धा रोडच्या शोरूममधला पोरगा खरं बोलला,
म्हणून घेतली.
"मॅडम, कंपनीनं लाईन बंद केली. हा शेवटचा नग.
रंग असा आहे की कोणी घेऊनच नाही राहिलं."
रंग मातकट,
मे महिन्यात फुटाळ्याच्या काठाला उरतो तो.
पलीकडे उंच गाड्यांना हार घालायची रांग होती.
हिच्या सीटवरचं प्लास्टिक
दोन दिवाळ्यांपासून कुणी काढलं नव्हतं.

त्याच वर्षी सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात
माझ्या पदापुढे दोन शब्द आले: मृत संवर्ग.
मराठी लघुलेखक, पद एक.
मी निवृत्त झाले की पदही गेलं.
साहेब हळू आवाजात सांगत होते,
दुखवट्याला आल्यासारखे.
मी त्यांचं बोलणं उतरवून घेत होते,
सवयीनं.

आता छत्रपती चौकात सिग्नलला थांबले
की दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात.
मला त्यांची चाकं दिसतात,
त्यांना माझं टप.
मानेवाड्याच्या गतिरोधकावर हिचं पोट घासतं
आणि मी "आई गं" म्हणते,
दोघींच्या वतीनं.

यंदा डावा आरसा गेला.
सक्करदऱ्यात एका गायीनं निवांत अंग घासलं, बस.
कंपनी म्हणाली, स्टॉक नाही, येणारही नाही.
हेडाऊ मिस्त्री म्हणाला,
"काहून घाबरता बाई? कामठी रोडले एक पडून आहे."

होती.
टिनाच्या कुंपणाआड, हिचीच सख्खी, पांढरी.
पुढची काच नाही, बॅटरी नाही,
सीटवर कडुलिंबाचा पाला.
दाराच्या कडेला स्टिकर मात्र शाबूत:
पुढील सर्व्हिस ऐंशी हजार किलोमीटरला.
हेडाऊनं स्क्रू काढायला घेतले.
मी उगाच तिचं दार लावून पाहिलं.
तोच आवाज. धप्प.
आजकालच्या दारांना तो येत नाही,
किंवा माझे कान आता तेवढे राहिले नाहीत.

भंगारवाल्याच्या शटरवर खडूनं यादी होती:
ठवरे, गोंदिया, उजवा हेडलाईट.
अचलपूरचे डॉक्टर, स्टिअरिंग रॅक.
काटोल, कोणतंही दार, रंग चालेल.
सहा जण. सहा गाड्या
अजून कुठे कुठे चालत होत्या.
"तुमची द्याल का बाई? पार्टसाठी?
सहाही जणांचं भागते एका गाडीत."

मी खडू घेतला.
काटोलच्या खाली दोन ओळी ओढल्या,
एक आकडी, एक ठिपका, एक अर्धा चंद्र.
चार वर्षांनी हात चालला, पण चुकला नाही.
"हे काय लिहून राहिल्या?"
"भाव," म्हटलं.
"वाचता आला की फोन करा."

हेडाऊ हसला नाही. त्याचं लक्ष स्क्रूत होतं.
उन्हं कलायच्या आत निघालो,
मातकट गाडी, तिला एक पांढरा कान,
आणि त्यात मागे मागे जाणारा कामठी रोड,
जरा तिरपा.
घरी जाऊन नीट करून देतो म्हणाला.