सदतीस अंश

बाहेर सेहेचाळीस.
अमरावती रोडचं डांबर चप्पल धरून ठेवतं,
कूलरच्या वाळ्याला दुपारी दोनलाच कोरड पडते
आणि माझ्या पेशी सदतीसात.
मे महिन्यात या अख्ख्या शहरात
त्याच काय त्या सुखी असाव्यात.
मेश्रामकाका सिलिंडर बदलताना म्हणतात,
"म्याडम, मलेही बसवा एक दिवस त्या पेटीत."

आधी पापुद्रा.
ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा, एका अणूइतका जाड;
जाड म्हणायचीही लाज वाटावी.
तो आक्रसणाऱ्या प्लास्टिकवर अंथरायचा,
प्लास्टिकच्या दोन कडा चिमट्यात, दोन मोकळ्या,
आणि भट्टीत सरकवायचा.
प्लास्टिक आवळतं. पापुद्र्याला आवळता येत नाही,
मग तो दुमडतो,
चहावरची साय फुंकर मारल्यावर दुमडते तसा,
फक्त हा एकाच दिशेनं.
बत्तीस वेळा तडा गेला.
तेहेतिसाव्याला तबस्सुम
सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाली,
"अगं, कंगवा फिरवलाय कुणीतरी."

पेशी उंदराच्या, स्नायूच्या.
सपाट काचेवर त्या पांगतात,
रविवारी संध्याकाळी बर्डीवर माणसं पांगतात तशा,
जिला जिकडे जागा मिळेल तिकडे तोंड करून.
सुरकुत्यांवर सोडल्या तर
पहिला दिवस नुसत्या बसून राहतात.
दुसऱ्या दिवशी लांबट होतात.
तिसऱ्या दिवशी एकीचं टोक दुसरीच्या टोकाला,
घळीघळीतून, रेषेत.
मग मी त्यांचं खाणं कमी करते
(हे सांगताना दर वेळी खाली बघते)
आणि उपाशी पडल्यावरच त्या
आपापल्या भिंती मोडतात.
एकच लांब तंतू,
आत कितीतरी केंद्रकं, माळेत ओवल्यासारखी.

बाबा कोराडीला कोळशाच्या पट्ट्यावर होते,
एकोणीस वर्षं.
एका रात्रपाळीत पट्ट्यानं
कोपरापासून मनगटापर्यंतचं मांस नेलं,
हाड ठेवलं.
कोळसाही कार्बनच.
हे वाक्य प्रबंधात लिहून मी खोडलं.

मानकापूरच्या घरी फोटो दाखवला.
त्यांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ, मग चष्मा.
म्हटलं, बाबा, हे तुमच्यासाठी नाही.
हा उंदीर आहे. माणसापर्यंत पोचायला
अजून, म्हणजे, आधी ससा, मग परवानग्या, मग
"ते राहू दे वं. मले हे सांग,
डोये नाही त्याईले,
त मंग रस्ता कसा वयखते?"

चाचपून, मी म्हटलं.
बारीक बारीक पाय काढतात पुढे,
उंचवटा लागला की त्याच्या कडेनं
स्वतःला ओढून घेतात.

तेवढ्यात लाइन गेली.
कोराडीच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात,
तरी जाते.
बाबा उठल्याचं नुसतं ऐकू आलं.
मग भिंतीवर खरखर:
तो वाळका हात, उलटा,
वायरच्या पट्टीच्या कडेकडेनं
स्वयंपाकघरापर्यंत.
काडी ओढल्याचा आवाज.
"असंच ना?" आतून.

सहाव्या दिवशी, तीन चाळीसला,
एक तंतू हलला.
पंख्यामुळे असेल म्हणून पंखा बंद केला.
टेबलाला टेकलेलं पोट मागे घेतलं.
श्वास धरला. घाम नाकाच्या शेंड्यावर थांबला.
पुन्हा हलला.
काचेवरच्या, त्या पांगलेल्या,
तशाच पडून होत्या.

घरी फोन लावला.
"कितीदा हाललं?"
दोनदा.
"मोजलं का बरोबर?"
हो.
पलीकडे कूलर घरघरत होता.
"मंग तिसऱ्याची वाट पाय," म्हणाले
आणि फोन ठेवला.