उतारा

हॅलिफॅक्सला एकाच आठवड्यात दोन पत्रं आली,
दोन्हींत तोच शब्द, रेमेडियल.
एक कौन्सिलचं, न्हाणीघराच्या ओल्या भिंतीसाठी.
दुसरं शाळेचं, निषादसाठी,
जो सात वर्षांचा आहे
आणि बी-डीची तोंडं उलटी काढतो.

भिंत पाहायला सटक्लिफ आला, बूट दाराशी काढून.
दोन दातांचं यंत्र प्लास्टरला चावायला लावलं.
म्हणाला, हिचा काही दोष नाही, बाई,
बाहेरचा पन्हळ फुटलाय,
वर्षानुवर्षं ही बिचारी पीत बसलीय.
शाळेतून असं सांगायला
कोणी आलं नाही.

रात्री मी मराठी शब्द शोधत बसले.
उपाय म्हणावं, तर त्याच्या मागोमाग 'नाही' चालत येतं.
इलाज मला भेटलाय तो बहुतेक नाइलाजातच.
उपचार, म्हणजे गंध, फूल, चहा घेणार का.
आणि सुधारणा म्हटलं
की पोर आधीच बिघडलेलं.

चिपळूणला बहिणीला फोन केला, तलाठी ऑफिसात.
उतारा म्हण की, ती म्हणाली.
सातबाराचा?
अगं, विंचवाचा!
मागे कोणीतरी आपल्या नकलेसाठी ओरडत होतं.

विषावरचा उतारा.
लिंबू-भाताचा, तिठ्यावर ठेवून मागे न बघायचा.
आणि तो, ज्याच्याखाली पाच प्रश्न असायचे,
खालील उतारा वाचून.

मंगळवारी बॉयलरशेजारच्या खोलीत
मिसेस हॅगर्टींनी त्याला तसाच दिला,
साळिंदराबद्दल, सहा ओळींचा,
वर हिरवी पारदर्शक पट्टी.
तिसऱ्या ओळीत तो बोट ठेवून थांबला.
मी काचेच्या दाराबाहेर ओठ हलवत होते,
मग माझी मलाच लाज वाटली.

परतताना गल्लीचा उतार,
खाली गिरणीची थंड चिमणी.
मध्येच त्यानं विचारलं,
आई, माझा पन्हळ कुठे फुटलाय?
मी त्याची टोपी नीट केली. नीटच होती.

गुरुवारी नवा पाइप बसला.
मी मागच्या अंगणात मान वर करून उभी,
गळतोय का बघत.
आत त्याची आंघोळ चाललेली,
वाफेनं काच पांढरी,
आणि तिच्यावर एक बोट आलं,
रेघ ओढली, पोट काढलं.

डी. अगदी सरळ, छान डी.
मी टाळी वाजवणार होते,
तेवढ्यात लक्षात आलं
मी बाहेर आहे.