खांद्यापाशी

पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, कुमासीला:
प्रगत अभियांत्रिकी पदार्थ, प्राध्यापकांसाठी.
मी तामालेहून रात्रीच्या बसने आलो,
पिशवीत दोन शर्ट
आणि बावीस वर्षांच्या त्याच पिवळ्या नोट्स.
दारात मिळालेल्या बिल्ल्यावर फुसेनीचं फुसीना झालं होतं.
दुरुस्त करून देतो म्हणाले. शेवटपर्यंत दिलं नाही.

पहिल्या दिवशी ग्राफीन. दुसऱ्या दिवशी
वाकवलेली तार गरम पाण्यात टाकली
आणि कुणी नावाने हाक मारावी तशी
ती झटकन सरळ झाली.
आम्ही पन्नाशीतली माणसं, ओरडलोच.
बाडू सरांनी तीच तार सात वेळा वाकवली,
चहाचं पाणी संपेपर्यंत.

मग कार्बनचे धागे, छापून काढलेले धातू.
माझ्या कॉलेजात एकच लेथ आहे
आणि तिचा पट्टा पोरं वर्गणी काढून बदलतात.
तरी मी लिहून घेत राहिलो. अक्षर चांगलं आहे माझं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.
सूक्ष्मदर्शकाचा पडदा काळा. जनरेटरमध्ये डिझेल नाही.
डॉ. ओफोसुहेने जरा वेळ पेनशी खेळल्या,
मग सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी
दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं.
टेबल करकरलं.

बसचा मागचा अ‍ॅक्सल. अर्धा.
"तेचिमानच्या रस्त्यावरचा," एवढंच म्हणाल्या.
माझीही बस त्याच रस्त्याने आली होती.
किती जण होते, ते कुणी विचारलं नाही.

खिडकीशी नेला. एकेकाने भिंग लावलं.
तुटलेल्या तोंडावर रेषा, एकीपुढे एक,
आणि शेवटी बोटभर खडबडीत पट्टा,
जिथे तो एकदाच, एका क्षणात गेला.
जिफा केटाची. तिथे समुद्र गल्ल्या खात खात आत येतो.
ती म्हणाली, "ओहोटी वाळूत अशाच रेषा ठेवून जाते.
आई त्या बघून सांगायची, उद्या कुठवर येईल."
"मग उलट चला," बाई म्हणाल्या. "निघाला कुठून?"

आम्ही बोटाने मागे मागे गेलो.
रेषा लहान होत गेल्या,
नखाएवढ्या, तिळाएवढ्या,
आणि थांबल्या खांद्यापाशी,
जाड दांडा जिथे बारीक होतो.
तिथे हवी होती गोलाई, दोन-तीन मिलिमीटरची.
तिथे होता काटकोन. स्वच्छ, धारदार,
कुणीतरी मन लावून कातलेला.

कुणीतरी मन लावून.

मला फळा दिसला. माझाच.
दरवर्षी ऑक्टोबरात मी त्यावर हा दांडा काढतो:
आडवी रेघ, उभी रेघ, आडवी रेघ.
गोलाईला खडू फिरवावा लागतो,
तास संपत आलेला असतो,
म्हणून म्हणतो, इथे थोडं गोल धरा.
पोरं धरत नाहीत. पोरं फळ्यावरचं उतरवून घेतात.
बावीस वर्षं. वर्षाला चाळीस.
त्यातले किती जण सुआमेच्या गॅरेजांत लेथपाशी उभे असतील,
मी मनात गुणाकार मांडला आणि अर्ध्यात सोडला.

हा त्यांच्यातल्याच कुणी कातला असं नाही.
नाहीच, असंही नाही.

वीज आली. पंखे फिरले, पडदा उजळला,
केसाहून हजारपट बारीक नळ्या त्यावर तरंगू लागल्या.
सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या.
भिंग माझ्याच हातात राहिलं.

शेवटी प्रमाणपत्रं, जोलोफ भात, गटाचा फोटो.
फोटोत फुसीना डावीकडून चौथा,
एकटाच खाली बघणारा.

सोमवारी तामालेत पहिला तास.
दांडा काढला. खांद्यापाशी आलो,
थांबलो, खडू हळू फिरवला.
वाकडी आली. पुसली. पुन्हा वाकडी.
मागच्या बाकावरून अझारा म्हणाली,
"सर, हे परीक्षेला असतं का?"
"वही मिट," म्हटलं, "आणि इकडे ये.
हा खडू घे."