बदली तासिका

रविवार. इथे आठवडा रविवारीच उघडतो,
आणि आज, सहा महिन्यांनी, शाळा.
शारजात ऑगस्ट सरत आलाय म्हणे,
पण सकाळी साडेसहालाच चष्म्यावर वाफ,
मास्कच्या आत ओठ खारट.
फरशीवर पिवळी पावलं चिकटवलीत, दोन-दोन मीटरवर,
जणू कुणी आधीच येऊन
रांगेत उभं आहे आणि दिसत नाहीये.

टेबलावर सात अर्ज.
माझं काम तसं सोपं :
कोण नाही, त्याच्या जागी कोण, एवढं लिहायचं.
पेन्सिलीनं. दहा वाजेपर्यंत सगळं बदलतंच.

शायनी कुरियन, चौथी ब.
सासूबाईंना दमा, खोली एक, मध्ये पडदा.
पडद्याला काय कळतंय, मिस,
हे अर्जात नाही, फोनवर म्हणाली.
नौशीन, सातवा महिना.
वृंदा खांबेटे : तिचा धाकटा दुसरीत,
त्याची शाळा अजून लॅपटॉपमध्येच.
लोकांची मुलं सांभाळायला माझं कुलपात ठेवून येऊ का?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं,
कागद तिथे जरासा फाटलाय.
पीटीचे डिमेलो सर : कारण घरगुती.
मे महिन्यात त्यांचा भाऊ कुवेतला गेला.
गेला म्हणजे, गेला.
मातीसुद्धा तिथलीच.
उरलेले तीन मी वाचले नाहीत नीट.
वाचले की तासिका लावता येत नाहीत.

वरून निरोप : रजा मंजूर, बिनपगारी.
व्हिसाचं पुढच्या महिन्यात बघू.
या 'बघू'ला मी चौदा वर्षं ओळखते.

अरबीचे इद्रीस उस्ताद दारात थांबले,
पिवळ्या पावलांवर बरोबर पाय ठेवून.
सुट्टीला तुमच्या भाषेत काय म्हणता?
म्हटलं, रजा.
हसले. म्हणजे डोळ्यांच्या कडा हलल्या, बाकी मास्कला ठाऊक.
हा तर आमचा शब्द, म्हणाले.
आमच्याकडे त्याचा अर्थ राजी असणं. अगदी मनापासून.

मी पुन्हा अर्ज चाळले.
सातांत राजी कुणीच नव्हतं.
आठवा माझ्या पर्समध्ये आहे,
तारखेची जागा कोरी.
त्याचीही घडी आता
उलगडली तर फाटेल अशी.

चौथी ब मीच घेतली.
वर्गात नऊ, लॅपटॉपमध्ये एकोणीस.
नऊ जणांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि युसरा म्हणाली,
मिस, तुम्ही खऱ्या केवढ्या बुटक्या!
हसू आलं. सगळ्यांना. पण आवाज मास्कमध्येच मुरला,
फक्त खांदे हलले, नऊ जोड्या.

शायनी मिस कधी येणार?
रजेवर आहेत.
म्हणजे कधी?
मी फळ्यावर तारीख घातली. सुवाच्य.
मग भागाकार घेतला, बाकी उरणारा.

अर्धा तास झाला असेल.
एकोणीस चौकोनांत मला वीस दिसले.
विसावा काळा. कॅमेरा बंद, माईक बंद,
नावाच्या जागी नुसतं 'एस'.
कधीपासून बसली होती, देव जाणे.
बिनपगारी रजेवर माणूस घरी बसतं,
हिनं पडद्याच्या पलीकडे चौथी ब उघडली होती.
मी काहीच बोलले नाही.
खडू उगाच दुसऱ्या हातात घेतला.

तेवढ्यात खाली अक्षरं उमटली :
निहालला पुढे बसवा. त्याला लांबचं दिसत नाही,
आणि तो सांगणार नाही.

निहाल शेवटच्या बाकावर होता.
वहीत फळ्यावरचं काहीच नव्हतं,
नुसता समास, पट्टीनं आखलेला, फार सरळ.
ये, म्हटलं, पुढे ये.
त्यानं आधी फरशीकडे पाहिलं,
पिवळी पावलं मोजली बहुतेक.
मग दप्तर छातीशी धरलं
आणि मधूनच, तिरका,
चालत आला.