निरंक

सकाळी साडेआठला
ग्रामपंचायतीमागच्या तारेच्या कुंपणात जातो,
पर्जन्यमापकाचं नरसाळं काढतो,
काचेचं माप डोळ्यासमोर धरतो.
वर्षातल्या बहुतेक सकाळी
त्यात काही नसतं.
सरकारी भाषेत त्याला निरंक म्हणतात.

कोतवालाला रजिस्टर मिळतं, पेन आपला.
तारीख, वेळ, मिलिमीटर,
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, दोन बोटं रुंद.
एवढी जागा, बाप्पा, कोरी सोडवेना.
एक वाक्य बसतं. बारीक लिहिलं
तर क्रियापदासकट.

पहिलं होतं:
मापात काचेची गोटी निघाली, हिरवी, मालक सापडला नाही.
मग:
बेबी मडावीच्या बकरीनं मतदार यादीचं पान चार खाल्लं.
फागो गायकीनं आखरावर गाई मोजल्या, एक जास्त भरली.
पांदणीत दोन बंड्या समोरासमोर;
बैल मागे सरायला तयार, माणसं नाहीत.

तहसीलमधून लाल शाईत आलं:
असंबद्ध मजकूर टाळावा.
तेव्हापासून शेरा पेन्सिलीनं लिहितो.

एप्रिलात चिमणीनं कूलरच्या गवतात घर केलं.
सतरा दिवस एकच वाक्य:
कूलर सुरू केला नाही.
अठराव्या दिवशी:
केला.

यंदा फेब्रुवारीत देवका
आठ दिवस सेवाग्रामला भरती होती.
रात्रीच्या गाडीनं गावात यायचो, सकाळी माप बघायचो,
दुपारी डबा घेऊन परत.
दहा तारखेपासून सतरापर्यंत
मिलिमीटरच्या रकान्यात शून्य,
शेऱ्याच्या रकान्यातही
निरंक, निरंक, निरंक.

घरी आली तशी म्हणाली, वाचून दाखवा.
अंगणात खाटेवर बसून
ती पोपटाच्या शेंगा सोलत होती.
मी वाचलं.
"आठ दिवस गावात काईच नाई झालं?"
झालं असल.
"मंग?"
मले दिसलं नाई.

तिनं सूप बाजूला ठेवलं.
"खोडरबर आना."

दहा. बाजूच्या खाटेवरल्या बाईनं माही वेणी घालून देल्ली.
अकरा. खिडकीतून टाकी दिसते, टाकीवर घार बसते,
तिले कोनी भेटाले येत नाई.
बारा. नर्सले म्हनलं वरनात सांबार टाकत जा,
ते म्हने, इडलीचं?
तेरा. कोनाचा तरी नातू चालनं शिकला,
आमच्या साऱ्याईच्या खाटा धरू धरू.
चौदा. यायनं डब्यात भेदराची चटणी आनली,
मीठ इसरले, म्या सांगतलं नाई.

माझी पेन्सिल थांबली.
"लिवा नं," म्हणाली.

पंधरा.
ती बराच वेळ कवेलूंकडे बघत राहिली.
एक शेंग उचलली, सोलली नाही.
"पंधराचं राहू द्या. ते माहं."

सोळा. ऊन उलीसक पायावर आलं.
सतरा. सुट्टी झाली, गाडीत खिडकी भेटली.

शासकीय अभिलेखात
मी आयुष्यात केलेली खाडाखोड एवढीच.
सात दिवस तिच्या बोलीत,
जसं बोलली तसं, न सुधारता,
मध्ये एक निरंक
तसाच.

महिनाअखेर रजिस्टर तहसीलला गेलं,
पंधरा दिवसांनी परत आलं.
लाल शाई कुठे नव्हती.
फक्त चौदा तारखेपाशी कोणीतरी,
पेन्सिलीनंच, मुंगीएवढ्या अक्षरात:
मीठ?

आज मापात कडुनिंबाचं एक फूल.
पाऊस शून्य.
देवका चुलीपासून विचारते, काय लिवलं.
अजून काही नाही, म्हणतो,
आणि चव घ्यायला
हात पुढे करतो.