मूळ डबा

तळघराच्या शेवटच्या पायरीवर वडिलांनी पिवळा पट्टा ओढलाय,
आई तिथे दोनदा घसरली होती म्हणून.
लुईसटाउनचा हिवाळा इथवर उतरत नाही.
उतरते ती भट्टीची घरघर, तीही पलीकडच्या भिंतीमागून.
भट्टी आणि दारू एका खोलीत नांदत नाहीत, ते म्हणायचे.
(बंदुकीची दारू. दुसरी या घरात आलीच नाही,
आजी कडक लूथरन होती.)

पेटी त्यांनी केली तेव्हा मी अकरा वर्षांची.
पाइनच्या इंचभर जाडीच्या फळ्या.
लोखंडाची का नाही? बँकेत असते तशी?
रंधा थांबवून म्हणाले,
लोखंडात कोंडलीस तर पेटीचाच बाँब होईल.
लाकूड वेळेवर हरतं, मार्लिस.
सांधे सुटतात, जळायचं ते जळून जातं,
घर वाचतं. बहुतेक.
आणि त्या 'बहुतेक'वर फुंकर मारून
त्यांनी भुसा उडवला.

टोप्यांचं कपाट समोरच्या भिंतीला, वेगळं,
वेगळं कुलूप, वेगळी चावी.
खोके कंपनीचेच, एकही टोपी सुटी नाही.
मधल्या टेबलावर वजनाचा काटा
आणि हिरवी वही: तारीख, दारू कुठली, किती ग्रेन,
एल्क मिळाला की समासात छोटी फुली.

आज ड्वेन लासॉट आला, स्वयंसेवक अग्निशमन दलाचा.
बूट वरच काढून, मोज्याच्या भोकातून अंगठा दाखवत खाली उतरला.
किती आहे?
साडेअकरा पौंड.
वीसपर्यंत चालतं, म्हणाला, आणि कार्डावर लिहून घेतलं,
कुठली खिडकी तेही लिहिलं,
म्हणजे रात्री कधी यावं लागलंच
तर पोरं त्या खिडकीसमोर उभी राहणार नाहीत.

मग पेटीच्या कोपऱ्यात, सहा मूळ डब्यांच्या मागे,
शेंगदाण्याच्या लोण्याची एक बरणी निघाली.
अर्धी भरलेली. करडे दाणे.
वर चिकटपट्टी, वडिलांचं अक्षर, पण थरथरतं:
"चांगली".

एवढंच.

ज्यांनी मला मीठसुद्धा
साखरेच्या डब्यात ठेवू दिलं नाही कधी.
मी वही उघडली. दोन वर्षांपूर्वीचा मार्च.
एकच ओळ तीनदा लिहिलेली, एकाखाली एक,
तिसरीत आकडा नाही.
त्यापुढे कोरी पानं.
आम्ही तेव्हा म्हणत होतो, वय झालंय, चालायचंच.

ड्वेनने झाकण फिरवून वास घेतला.
खराब नाही, म्हणाला. लाल धूळ नाही, आंबूस नाही.
पण करडी सगळी सारखीच दिसते.
पिस्तुलाची चुकून रायफलीत भरली
तर गालापाशीच फुटते.
नाव नाही म्हणजे नाही.

मागच्या अंगणात गवतावर आम्ही ती विरळ पसरली,
दाण्याला दाणा लागणार नाही अशी, मुठीमुठीने,
कोंबड्यांना टाकावं तशी.
गवताला खत होतं म्हणे. ड्वेन म्हणाला, माझ्या आजोबांचं लॉन बघायला हवं होतंस.
मी हसले. बरणी धुतली, चिकटपट्टी काही निघेना.
ती खिडकीत पालथी घातली आहे.

चार वाजता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेले.
ते खिडकीशी, पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते.
मला व्हर्ला म्हणाले. व्हर्ला त्यांची बहीण, पोलिओने गेलेली.
कॉफी निवली. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला.
मग एकदम मान वळवून, जुन्या आवाजात:
दोन्ही कुलपं लावलीस?
लावली.
चाव्या?
माझ्याकडे.
तू कोण?

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, जन्मतारखेसकट,
सावकाश, वहीत लिहून घेत असल्यासारखं
ते ओठ हलवत राहिले.

बरं, म्हणाले. मग ठीक आहे.